कालनिर्णयाच्या चौकटीतली रोजनिशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘रोजनिशी’ म्हटले की जाड पुठ्ठ्याची वही आणि रात्रीचा निवांतपणा डोळ्यांपुढे येतो. आपल्या इंद्रलोकातल्या घरांत निवांतपणा कुठला? शिवाय घरात कुलपाचा खण एकच, आणि त्याची किल्ली कुठे असते ते धाकट्यालाही ठाऊक. मनातले लिहायचे तर ठेवायचे कुठे?

शिक्षण बेताचे, ही सबब मात्र चालायची नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी निघाली. पण एवढे सारे इतक्या वर्षांनी आठवायला स्मरणशक्ती त्यांच्यासारखी हवी. मला परवाची भाजी आठवत नाही!

म्हणून मी लिहिते भिंतीवरच्या कालनिर्णयावर. साळगावकरांनी ते १९७३ साली काढले, तेव्हापासून बायका त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख मांडत आल्या आहेत. मी तिथेच दोन शब्द जास्त घालते. सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून कोणी वाचत नाही. घरात वादावादी झाली की ‘मिरची’ लिहिते. यजमानांना वाटते, मिरच्या आणायच्या आहेत, आणि बिचारे पिशवी घेऊन निघतात. आज तुम्हांला सांगून बसले, आता दुसरा शब्द शोधणे आले.

सासूबाई आजारी पडल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “जेवण कधीपासून तुटले?” कोणी म्हणाले चार दिवस, कोणी म्हणाले आठवडा. मी भिंतीवरून कालनिर्णय काढून त्यांच्यापुढे ठेवले. अकरा चौकटींत ‘अर्धी पोळी’, ‘पेज’, ‘नको म्हणाल्या’ असे ओळीने होते. डॉक्टरांनी दोनदा पाहिले, आणि त्याच दिवशी दवाखान्यात ठेवून घेतले. त्यानंतर त्या आम्हांला पाच महिने लाभल्या.

डिसेंबर सरला की जुनी पाने आमच्याकडे फडताळात अंथरतात, नाहीतर मुलांच्या पुस्तकांना कव्हरे घालतात. त्या वर्षाचे मात्र मी गुंडाळी करून पेटीत ठेवले आहे. श्रावणातल्या एका सोमवारच्या चौकटीत दूध एक लिटर आहे, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘आज आपण होऊन वरणभात मागितला.’