नात्याचा हिशेब
(गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेलं भाषण)



मी सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीत काम करतो. डिप्लोमा झालेला तंत्रज्ञ, डॉक्टर नव्हे. तरी लोक बाजूला घेऊन हळूच विचारतात, "रक्तगटावरून मूल कुणाचं ते कळतं का हो?" रक्तगट फार तर 'नाही' सांगतो, 'हो' कधीच नाही. आणि 'नाही'सुद्धा जपूनच घ्यावं. १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना 'बॉम्बे' रक्तगट सापडला. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, पण आत 'ए' किंवा 'बी' दडलेला असू शकतो. म्हणजे आईबाप दोघे 'ओ' दिसतात आणि मूल निघतं 'बी'. अशा घरात उगाच संशय शिरायचा!

'हो' म्हणायला हिशेब लागतो. तो करायची मोठी निकड पडली अर्जेंटिनात. १९७६ ते १९८३ तिथे लष्करी राजवट होती. हजारो तरुण-तरुणींना उचलून नाहीसं केलं गेलं. कैदेत जन्मलेली बाळं, आईबापांबरोबर नेलेली तान्ही मुलं परक्या घरी गेली, कित्येक तर लष्कर-पोलिसांच्याच घरी. अशी सुमारे ५०० मुलं असावीत, असा त्यांच्या आज्यांच्या संघटनेचा अंदाज. ही संघटना १९७७ची. आईबापच नाहीत, मग मुलाचं रक्त कुणाशी ताडायचं? आजी-आजोबांशी. १९८४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग त्यांच्या मदतीला गेल्या. किडनी बदलताना पेशींवरच्या ज्या खुणा जुळवतात, त्याच इथे कामी आल्या.

हिशेब असा. हे खरंच या आजी-आजोबांचं नातवंड असेल, तर अशा खुणा दिसण्याची शक्यता किती? आणि कुणी परकं मूल असेल, तर किती? पहिलीला दुसरीने भागायचं. इथे ग्वाल्हेरात दोन कुलकर्णी भेटले तर आपण काही नातं धरत नाही. पण मंडळाच्या यादीत एकदाच सापडणारं आडनाव बाहेरगावी ऐकू आलं, की लगेच विचारतो, "मूळ गाव कोणतं?" खुणांचंही तसंच. दोघांत एकाकडे असणारी खूण जुळली तर त्यातून फारसं कळत नाही, शंभरात एकाकडे असणारी जुळली तर बरंच कळतं.

समजा भागाकार हजार आला. रिपोर्टात तो ९९.९ टक्के म्हणून छापतात, पण त्यात एक गोष्ट धरलेली असते: तपासणीआधी होय-नाही दोन्ही सारखेच शक्य होते. आता एखादं मूल, काहीच माहिती नसताना, ५०० कुटुंबांशी ताडून पाहिलं तर? एका कुटुंबाचे हजार आणि उरलेल्या ४९९चा प्रत्येकी सरासरी एक. म्हणजे हजार विरुद्ध ४९९, तिनांत दोन! एवढ्यावर मूल कुणाच्या हवाली करणार? म्हणून खुणा आणखी लागतात आणि बाहेरचा पुरावाही. तो आज्यांनीच जमवला होता, शेजाऱ्यांच्या कुजबुजीतून, जन्माच्या कागदांतून.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. आपण मामाची मुलगी करतो (इथल्या शेजाऱ्यांना ते ऐकूनच धक्का बसतो). मग एकच खूण मुलाकडे दोन वाटांनी येऊ शकते, आणि नात्यागोत्यात ती सगळीकडेच दिसते. तेव्हा 'परका माणूस' धरून केलेला भागाकार फुगतो. वाद सख्ख्या काका-वडिलांत असेल, तर 'परका' धरणंच चूक. कुणाच्या हातात असा रिपोर्ट आला तर टक्के पाहण्याआधी विचारा: तुलना कुणाशी केली?

डिसेंबर १९८४ मध्ये आठ वर्षांची एक मुलगी कोर्टाच्या आदेशाने आजीकडे परत आली. पण बाकीची मुलं मोठी होऊन स्वतः विचारायला येईपर्यंत आज्या राहतील का, ही धास्ती होतीच. म्हणून १९८७ साली कायदा करून सरकारी पेढी उघडली, नातेवाइकांचं रक्त जपून ठेवणारी. किंग यांनी पुढे आणखी एक वाट दाखवली. पेशीतला एक छोटा वारसा फक्त आईकडून येतो, म्हणून आईची आई आणि नातवंड यांच्यात तो तसाच उतरतो. तिथे एकटी आजी, नाहीतर मावशी किंवा मामाही पुरतो. आतापर्यंत १३०हून अधिक नातवंडांची ओळख लागली आहे. त्यातली बरीचशी आता माझ्याच वयाची आहेत.