झूल शिवणारे हात



मी बँकेत कारकून आहे. दिवसभर लोकांच्या पैशांचा हिशोब लिहितो. आज मात्र कोणत्याच हिशोबात न आलेल्या एका कामाविषयी बोलणार आहे. ते काम म्हणजे बैलाची झूल शिवणे.

आमच्या घरी शेत नव्हते, दावणीला बैल नव्हता. तरी पोळ्याची घाई आमच्याच घरात जास्त. माझी आई गावच्या शेतकऱ्यांसाठी झुली शिवायची. आपल्या भागातला लाल कंधारी बैल अंगाने तांबडा. त्याच्यासाठी ती हिरवे किंवा पिवळे कापड घेई. देवणीच्या काळ्या-पांढऱ्या अंगावर लाल. वशिंडाची जागा बरोबर सोडायची, आत जुन्या सुती लुगड्याचे अस्तर, वर आरसे, कडेला लोकरीचे गोंडे. शिवून झाले की ती आतून तळहात फिरवायची आणि म्हणायची, "बैलाला बोलता येत नाही बाबा. टोचलं तर आपल्यालाच कळाया पाहिजे."

मीही गोंडे बांधायला शिकलो. मुलगा असून सुई धरतो, म्हणून पोरे चिडवत. पण श्रावण अमावास्येला वेशीत बैल उभे राहिले की मी आमच्या झुली मोजत फिरायचो. बैल दुसऱ्याचे, पण पाठीवरची शोभा आमच्या हातची! परीक्षेत पास झाल्याचा आनंदही त्याहून मोठा वाटला नाही.

आता दुसरी बाजू. आई भाव सांगायची तो फक्त कापडा-दोऱ्याचा. वर शेतकरी देईल ती ज्वारी. नोकरी लागल्यावर मी एकदा वही घेऊन बसलो. एका झुलीला चार रात्री लागत. "मजुरी किती लिहू?" असे विचारले, तर ती म्हणाली, "त्याची कसली मजुरी? मला आवडतं म्हणून करते."

बंधू-भगिनींनो, या एका वाक्यात आपल्या कितीतरी आया-बहिणींची मजुरी बुडाली आहे. आवडीचे काम म्हणजे फुकटचे काम नव्हे. त्या वर्षी आम्ही चार रात्री धरून भाव सांगितला. दोन गिऱ्हाइके परत गेली, बाकीच्यांनी झुली नेल्या. त्या पैशातून आईने पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे खाते उघडले. पासबुक तिने लुगड्यांच्या घडीत जपून ठेवले.

आज ट्रॅक्टरमुळे बैल कमी झाले. बाजारात यंत्रावरच्या तयार झुली आल्या. पोळाही वर्षातून एकदाच. उरलेला माल वर्षभर पडून राहतो. पण शहरात कुत्री-मांजरे पाळणारी घरे आहेत. झुलीच्या उरलेल्या कापडातून मी आता गळपट्टे शिवतो आणि ओळखीच्यांना देतो. पट्टा आणि मान यांत दोन बोटे सहज जावीत, एवढे सैल माप ठेवायचे. नियम आईचाच. ज्या भगिनींना हा धंदा करायचा आहे, त्यांना भांडवलासाठी बचत गटाचा मार्ग आहे. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्याचे काम सुरू केले. गटाने नियमित बचत करून वही नीट ठेवली, तर तारणाशिवाय कर्ज मिळू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, हाताच्या कामाची लाज बाळगू नका. त्यात आनंद जरूर घ्या, पण मजुरीचा रकाना कोरा ठेवू नका.