पावसापुढें सोंग टिकत नाहीं

इंग्लंडांतील एखाद्या साध्या घराच्या परसांत एक निळी पेटी उभी आहे अशी श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. पेटी माणसाहून बरीच उंच, सुमारें नऊ फुटांची. चारी बाजूंना वरच्या अंगास लहान लहान तावदानांच्या खिडक्या. खिडक्यांच्या वर पांढऱ्या अक्षरांची पाटी. आणि अगदीं शिखरावर एक दिवा. शेजारचीं मुलें कुंपणावरून डोकावतात आणि हें काळांत संचार करणारें यान आहे असें एका सुरानें सांगतात. त्यांचा आजा म्हणतो, ही तर पोलिसांच्या टेलिफोनची पेटी. अशा पेट्या पूर्वीं लंडनच्या रस्त्यांवर असत. दोघांचेंही म्हणणें खरें आहे. परंतु ज्यानें ती पेटी स्वतःच्या हातांनीं उभी केली त्याला विचारलें, तर तो या दोहोंपैकीं कांहींच न सांगतां एवढेंच म्हणेल कीं, गेल्या दोन हिवाळ्यांत आंत थेंबभरही पाणी आलें नाहीं. या उत्तरांत केवढा अर्थ भरला आहे हें समजण्यासाठीं त्या पेटीची वंशावळ प्रथम पाहिली पाहिजे.

तिचा मूळ पुरुष लंडनचा. तेथील महानगर पोलीस-दलाचे सर्व्हेअर गिल्बर्ट मॅकेंझी ट्रेंच यांनीं १९२९ सालीं या पेटीचा आराखडा केला. त्या काळीं गस्तीवरील शिपायाजवळ बिनतारी यंत्र नव्हतें. ठाण्यावरून त्याला निरोप द्यावयाचा झाल्यास पेटीच्या माथ्यावरील दिवा लुकलुके. तो पाहून शिपाई पेटीपाशीं येई व ठाण्याशीं बोले. एका लहानशा झडपेमागें ठेवलेला टेलिफोन कोणाही नागरिकास बाहेरून वापरतां येई, आणि त्याबद्दल त्याला एक पैही पडत नसे. आंत शिपायासाठीं एक स्टूल, एक मेज, झाडावयाचे कुंचे, आग विझविण्याचें उपकरण आणि विजेची लहानशी शेगडी असे. ट्रेंच यांनीं भिंतींसाठीं काँक्रीट आणि दारासाठीं सागवान योजिलें होतें. आंत थंडी फार वाजते अशी शिपायांची तक्रार असे; परंतु पाऊस, धुकें व धूर यांत वर्षानुवर्षें उभें राहणें हेंच जिचें काम, तिच्या बाबतींत टिकाऊपणा आधीं आणि ऊब मागून, हा क्रम समजण्यासारखा आहे. १९५३ सालीं बृहत् लंडनमध्यें अशा ६८५ पेट्या होत्या. पुढें शिपायाच्या हातींच बिनतारी यंत्र आलें, आणि १९६९ पासून पेट्या काढून टाकण्यांत येऊं लागल्या.

मूळ पेट्या रस्त्यांवर उभ्या असतांनाच त्यांचें सोंग जन्मास आलें. २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं बी. बी. सी.नें दूरचित्रवाणीवर 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथांची मालिका सुरू केली. पहिली कथा अँथनी कोबर्न यांनीं लिहिली, आणि तिचें दिग्दर्शन १९३८ सालीं लखनौस जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणानें केलें. कथेचा नायक 'टार्डिस' नांवाच्या यानांतून काळाच्या मागेंपुढें हिंडतो. जेथें जावें तेथील एखाद्या सामान्य वस्तूचें रूप त्या यानानें घ्यावें, अशी मूळ योजना; परंतु १९६३ च्या लंडनमध्यें पोलीस-पेटीचें रूप घेतल्यावर त्याचें यंत्र बिघडलें आणि तें रूप कायमचें अंगाला चिकटलें. बाहेरून एका माणसापुरती पेटी, आणि आंत पाऊल टाकावें तों प्रशस्त दालन! ही युक्ति लेखकांना जशी सोयीची तशीच खजिन्यालाही सोयीची होती, कारण दर कथेला नवें रूप घडविण्याचा खर्च वांचला. सर्व सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, या म्हणीचा अनुभव विलायतेंतही येतो.

हें सोंग लाकडाचें होतें. स्टुडिओंत पाऊस पडत नाहीं. तेथें वस्तु हलकी हवी, ती सुटी करून गाडीवर चढवितां आली पाहिजे, आणि कॅमेऱ्याला दिसते तेवढी बाजू नीट असली म्हणजे पुरे. पहिली पेटी अनेक वर्षें ओढाताण सोसून जीर्ण झाल्यावर १९७६ मध्यें दुसरी आली. १९८० मध्यें फायबरग्लासची आली. २००५ मध्यें मालिका पुन्हां सुरू झाली तेव्हां आणखी मोठी आली. रंग बदलला, मापें बदललीं. परंतु यांतील एकही पेटी ट्रेंच यांच्या आराखड्याशीं तंतोतंत जुळत नाहीं.

आतां परसांत पेटी बांधूं पाहणाऱ्यापुढील पेंच लक्षांत येईल. तो ज्या वस्तूची नक्कल करीत आहे ती वस्तु स्वतःच नक्कल आहे. पडद्यावरील पेटीचीं मापें घेऊन, साध्या प्लायवूडवर पट्ट्या ठोकून निळा रंग फासला म्हणजे छायाचित्रापुरती हुबेहूब पेटी तयार होते. पहिल्या उन्हाळ्यांत ती सर्वांच्या कौतुकाचा विषय असते. पहिला हिवाळा सरतो तों पट्ट्यांखालीं रंगाला फोड आलेले असतात, प्लायवूडचे पापुद्रे सुटूं लागतात आणि दार फुगून चौकटींत अडकून बसतें. रंगभूमीच्या सोंगाची पावसाशीं गांठ पडली म्हणजे दुसरें काय व्हावयाचें?

पाणी कोठें घात करतें हें थोड्या अंकगणितानें समजतें. पेटीच्या प्रत्येक बाजूस दोन उभ्या ओळी आणि प्रत्येक ओळींत चार चौकटी असतात. वरची खिडकीची, खालच्या तीन फळ्यांच्या. चारी बाजू मिळून ८ खिडक्या आणि २४ फळ्या झाल्या. प्रत्येक खिडकींत ६ तावदानें, म्हणजे एकंदर ४८ कांचा बसवावयाच्या. या ३२ चौकटींपैकीं प्रत्येकीला खालच्या अंगास एक आडवी कड असते, आणि प्रत्येक कड म्हणजे पावसाच्या पाण्याला टेकावयास मिळालेली एक जागा. कडा सपाट ठेवल्या तर बत्तीस तळीं आपल्या हातांनींच खोदल्यासारखें झालें. 'थेंबें थेंबें तळें सांचे' ही म्हण मुलांना काटकसर शिकविण्यास चांगली. सुताराला मात्र ती धोक्याची सूचना आहे.

म्हणून जाणता कारागीर प्रत्येक कडेला बाहेरच्या बाजूस उतार देतो. फुटाला दोन इंच या प्रमाणाचा उतार दुरून डोळ्यांस जाणवतही नाहीं, पण त्यावर पाणी थांबत नाहीं. जेथें लाकूड भिंतीच्या पुढें डोकावतें तेथें त्याच्या पोटाशीं तो एक बारीक खांच पाडतो. पाणी लाकडाच्या खालच्या अंगाला चिकटून आंत सरकत असतें; खांचेपाशीं त्याची वाट तुटते आणि तें पागोळीसारखें खालीं गळतें. फळ्या तो चौकटींत सरसानें जखडीत नाहीं. लाकूड लांबींत जवळजवळ वाढत नाहीं, परंतु रुंदींत तें ओलीबरोबर फुगतें आणि कोरड्या हवेंत आकसतें. त्याला हलावयास जागा ठेवली नाहीं, तर एक तें स्वतः तडकतें, नाहीं तर चौकटीचा सांधा उखळतें. गडद निळा रंग ऊन फार शोषून घेतो, त्यामुळें ही ओढाताण अधिकच वाढते.

लाकडाच्या कापलेल्या टोंकांतून पाणी सर्वांत झपाट्यानें शिरतें, कारण झाडानें मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी नेण्यासाठीं केलेल्या सूक्ष्म नळ्या तेथें उघड्या पडलेल्या असतात. यास्तव जोडणीपूर्वींच प्रत्येक टोंक रंगानें बंद करावें लागतें. पेटी उभी राहिल्यावर तेथवर कुंचला पोंचत नाहीं. प्लायवूड घ्यावयाचें तर उकळत्या पाण्यानेंही न सुटणाऱ्या सरसाचें घ्यावें, आणि त्याच्याही कडा बंद कराव्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत. साध्या लोखंडी स्क्रूचा गंज थोड्याच दिवसांत तांबड्या ओघळांनीं आपली चहाडी करतो.

पाया आणि छप्पर यांची गोष्ट तशीच. मातीवर सरळ टेकलेली पेटी खालून पाणी पिते. म्हणून तिला काँक्रीटचा ओटा, ओट्यावर ओल न चढूं देणारा थर, आणि त्यावरही बोटभर उंच आधार द्यावा लागतो. उंच व अरुंद वस्तु वाऱ्यानें कलंडते, तेव्हां ती ओट्याशीं बोल्टांनीं बांधलीच पाहिजे. छपराच्या पायऱ्या दिसावयास सपाट असल्या तरी त्या मध्यापासून कडेकडे उतरत्या ठेवून त्यांवर फायबरग्लासचा किंवा टारफेल्टचा अखंड थर चढवावा.

एवढें सर्व करूनही नवशिका एका जागीं हटकून चुकतो. तो उत्साहाच्या भरांत प्रत्येक फट बुजवितो. रात्रीं हवा गार झाली म्हणजे बंद पेटींत आंतल्या अंगास दंव धरतें, आणि त्याला बाहेर जावयास वाट नसली तर लाकूड आंतून कुजूं लागतें. लाकडांतील ओल शेंकडा २० च्या खालीं राहिली तर कुजविणारी बुरशी तेथें जीव धरीत नाहीं. यासाठीं वळचणीखालीं व तळाशीं जाळी बसविलेलीं छिद्रें ठेवावींत; माथ्यावरील दिव्याच्या घुमटीलाही तळाशीं एक बारीक छिद्र असावें. पाणी येणारच नाहीं असा अभिमान धरण्यापेक्षां, आलेलें पाणी जाईल कोठून याचा विचार आधीं करणें हें खरें शहाणपण.

दारापाशीं तर निष्ठेचाच प्रश्न उभा राहतो. पडद्यावर टार्डिसचीं दारें बहुधा आंत उघडतांना दिसतात. परसांत आंत उघडणारें दार वाऱ्याच्या झोतानें मागें रेटलें जातें आणि पावसाला वाट देतें. तेंच दार बाहेर उघडणारें असेल तर तोच वारा त्याला चौकटीवर घट्ट दाबून धरतो. मग इमान पडद्याशीं राखावयाचें कीं पावसाशीं? पडद्यावर जिचें प्रेम जडलें त्या पेटीपासून निघालेला मनुष्य असें एकेक उत्तर शोधीत नकळत ट्रेंच यांच्या मेजापाशीं येऊन पोंचतो. काँक्रीट कां, सागवान कां, हें त्याला आतां कोणीं सांगावें लागत नाहीं. सोंगाला खरेपणा आणतां आणतां त्याला मूळ वस्तूची ओळख पटते.

ही ओळख पटणें आज विशेष अगत्याचें आहे, कारण येथें सोंगानें मूळ वस्तूची जागाच घेतली आहे. बी. बी. सी.नें १९९६ सालीं या पेटीच्या आकृतीची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली. महानगर पोलिसांनीं हरकत घेतली. परंतु ती आकृति त्यांनीं स्वतःच्या नांवें कधींच नोंदविली नव्हती, आणि तिच्या प्रतिकृति तर बी. बी. सी. कित्येक वर्षें विकीत आली होती. २००२ सालीं हरकत फेटाळली गेली. पेटी पोलिसांनीं निर्माण केली, रस्त्यावर उभी केली, आणि शेवटीं ती ओळखली जाऊं लागली ती तिच्या सोंगावरून! डर्बीशायरमधील क्रिच येथील ट्राम-संग्रहालयांत अशी एक मूळ पेटी जतन केलेली आहे. तिच्यापुढें उभीं राहणारीं मुलें तिलाही टार्डिसच म्हणत असतील, तर त्यांना दोष कसा द्यावा?

तरी मूळ पेटीची एक खूण सोंगानेंही टाकलेली नाहीं. टार्डिसच्या दारावर एक लहानशी पाटी असते. हा टेलिफोन सर्व लोकांच्या उपयोगासाठीं मोफत आहे, सल्ला व साहाय्य ताबडतोब मिळेल, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर लिहिलेला असतो. ट्रेंच यांच्या पेटींत त्या पाटीमागें खरोखरीच टेलिफोन होता, आणि मध्यरात्रीं संकटांत सांपडलेल्या अनोळखी माणसाला तो उपयोगी पडत असे. स्टुडिओच्या पेटींत पाटीमागें तार जोडलेली नाहीं. परसांत पेटी बांधणारानें पाटीची अक्षरें हुबेहूब रंगवितांना क्षणभर थांबून तिचा अर्थ वाचावा, आणि त्या झडपेमागें निदान मलमपट्टीचें सामान तरी ठेवावें. खेळतांना गुडघा फुटलेलें शेजारचें मूल तेथें आलें, तर पाटीवरील वचन खोटें पडणार नाहीं.

पहिला मोठा पाऊस येतो त्या रात्रीं बांधणारा हातांत दिवा घेऊन पेटींत शिरतो. बाहेर बत्तीस कडांवरून पाणी निथळत असतें. तो चारी कोपरे, उंबरा, तावदानांच्या खालच्या पट्ट्या एकेक करून बोटांनीं चांचपतो. आंत प्रशस्त दालन नाहीं, काळाची सफर नाहीं. एका माणसानें जेमतेम बसावें एवढीच जागा आहे. परंतु बोटें कोरडीं आहेत. तो दिवा खालीं ठेवतो, स्टूल ओढून घेतो, आणि बाहेरचा पाऊस ऐकत थोडा वेळ तेथेंच बसतो.