संशय पिकतो तोवर ‘संशयकल्लोळ’



सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं जळकोट हे आमचं गाव. शेजारी नळदुर्गचा किल्ला आणि तालुक्याच्या ठिकाणी आई तुळजाभवानी. संगीत नाटकाचं संमेलन पुण्या-सांगलीला शोभतं, ते जळकोटात कशाला, असं काही जणांनी विचारलं. संबळाच्या तालावर गोंधळी जिथं रात्र जागवतात, नाथांचं भारूड ऐकताना जिथं माणसं स्वतःच्याच खोडीला हसतात, त्या मुलखाला गात गात गोष्ट सांगणं नवं नाही, एवढंच आमचं उत्तर.

यंदा चर्चेसाठी आम्ही गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ निवडलं. मूळ बीज फ्रान्सच्या मोलिएरचं, १६६० सालच्या प्रहसनातलं. त्यावरून आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये इंग्रजी नाटक रचलं, आणि त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये गद्य ‘फाल्गुनराव’ आणलं. पुढं त्याला पदांची जोड मिळाली. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं, तेव्हा बालगंधर्व रेवती झाले आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी गेले. नाटक मात्र शंभरी ओलांडूनही हिंडतंय.

ते टिकलं कशानं? पदं गोड आहेत, हे खरंच. पण माझ्या मते खरी ताकद त्याच्या गाठीत आहे. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेवढंच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीचा प्रियकर आश्विनशेठ, त्याची पडलेली तसबीर कृत्तिका उचलते आणि नेमकं तेवढंच फाल्गुनराव पाहतो. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं खरं असतं. खोटा असतो तो मनानं काढलेला अर्थ. इथं बाहेरून कुणी कपटी येऊन संसार मोडत नाही. ज्याचा त्याचा संशयच सगळा घोळ घालतो. म्हणून प्रेक्षक फाल्गुनरावाला हसतो आणि हळूच स्वतःला चाचपून बघतो.

दुसरी गोष्ट बहुधा हसण्याच्या गडबडीत निसटते. बाला-जरठ विवाहावर ‘शारदा’ लिहिणारे देवल इथंही गप्प बसलेले नाहीत. रेवती नायकिणीच्या घरातली. तिच्याशी आश्विनशेठ उघडपणे लग्न करू पाहतो, आणि प्रेक्षकही कुरकुर न करता ते लग्न व्हावं म्हणून जीव टांगणीला लावतो. ‘शारदे’त जे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, त्याच जातीचं काही इथं हसवता हसवता गळी उतरवलं आहे. प्रेमिकांच्या वाट्याला पदं आणि संशयी जोडप्याच्या वाट्याला मुख्यतः बोलण्याची आतषबाजी, ही वाटणीही मोठ्या हिशेबानं केलेली दिसते.

दोन दिवसांत जाणकार यावर बोलतीलच. आमची इच्छा एवढीच की आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी या नाटकाचे प्रवेश बसवावेत. गळा तयार नसेल तर गद्यापासून सुरुवात करावी. देवलांनीही तसंच केलं होतं.

व्यवस्थेत काही उणं राहिलं तर पोटात घालावं, जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये. आणि रात्रीच्या प्रयोगाला नवरा-बायकोंनी शेजारी-शेजारीच बसावं. वेगळं बसलात तर पुढच्या कल्लोळाला स्वागत समिती जबाबदार नाही!