मागचे दोन स्पीकर आणि बाबांची खुर्ची

(मंडळाच्या मागील गणेशोत्सवात एका संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा नीटनेटका करून.)



‘घरी होम थिएटर घ्यायचं तर स्पीकर कसे निवडावे’ यावर तुम्ही दोघांनी बोला, असं कार्यकारिणीनं सांगितलं तेव्हा आम्हाला हसू आलं. आम्ही काही साऊंडवाले नाही. एकदा चुकीचं घेतलं, पैसे घालवले, मग दुसऱ्यांदा जरा विचार करून घेतलं. पात्रता म्हणाल तर एवढीच.

आमच्या घरचे बाबा तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. आमच्यातल्या एकाचे वडील, दुसरीचे सासरे. त्यांची सगळी नोकरी माइनमध्ये, खाली, ड्रिलवर गेली. भरवेलीची खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण, असं आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगतो. त्या खोलीनं तिथल्या माणसांच्या कानांचं काय केलं, ते मात्र घरात राहिल्यावरच कळतं. बाबांना आवाज येतो, शब्द येत नाही. ‘साठ’ म्हटलं तर ‘आठ’ ऐकू येतं. डॉक्टरांनी समजावलं की मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासची ऐकण्याची ताकद जाते. आपल्या बोलण्यातले स, श, च असे पातळ आवाज याच वरच्या पट्टीतले. आ, ओ, ऊ खालचे, ते शाबूत राहतात. म्हणून बाबा नेहमी म्हणतात, “ओरडू नका रे, ऐकू येतंय मला. काय म्हणता तेवढं समजत नाही.”

आणखी एक गोष्ट होती. आपली घरं इथं सीपीएमओच्या काळापासूनची, नागपूर राजधानी होती तेव्हाची. १९५६ साली नकाशावर रेघ ओढली गेली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि आपणही राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आमच्या मुलीची शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. तिची मराठी आली ती आजोबांच्या शेजारी बसून, रविवारी दुपारी लावलेल्या सिनेमांतून. “आजोबा, तो काय म्हणाला?” असं तिनं विचारायचं आणि बाबांनी सांगायचं. पुढे उलटं झालं, बाबा तिला विचारायला लागले. मग तेही थांबलं. सिनेमा लागला की बाबा खुर्ची उचलून ओसरीत जाऊन बसू लागले.

तेव्हा आम्ही ठरवलं की चांगलं होम थिएटर घ्यायचं. आवाज मोठा झाला की बाबांना ऐकू येईल, हा आमचा हिशेब. एका दुकानातून (नाव नको) पाच छोटे स्पीकर आणि एक धडधडणारा डबा असा संच उचलून आणला. दुकानदारानं मागचे दोन स्पीकर जोरात लावून हेलिकॉप्टर फिरवून दाखवलं आणि आम्ही भाळलो. घरी ते मागचे दोन आम्ही कपाटावर ठेवले, कारण जागा तिथेच होती. पहिल्याच रविवारी बाबा दहा मिनिटांत उठले. “मागून कोण बडबडतंय?” म्हणाले. मागून कोणी बडबडत नव्हतं, पाऊस पडत होता. पण त्या पावसात पुढचा संवाद पार वाहून गेला होता.

इथून आमचं शिक्षण सुरू झालं. ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणजे पुढे डावा, मधला आणि उजवा, बाजूला किंवा किंचित मागे दोन आणि एक सब-वूफर. तो ‘पॉइंट वन’ म्हणजे फक्त खालच्या घुमाऱ्याचा वेगळा मार्ग. सिनेमातले संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. बाजूच्या दोघांकडे पाऊस, गर्दी, टाळ्या, देवळाचा घुमार. म्हणजे ज्यासाठी आम्ही पैसे खर्च केले ते बाबांना नको होतं, आणि ज्यात आम्ही काटकसर केली तेच त्यांना हवं होतं. दुकानात कोणी मधला स्पीकर एकटा लावून दाखवत नाही. तुम्ही मागा. बातम्या लावायला सांगा आणि डोळे मिटून ऐका.

दुसऱ्यांदा नागपूरला गेलो तेव्हा सीताबर्डीत तीन तास घालवले. ठरलेल्या पैशांतला मोठा वाटा मधल्या स्पीकरला दिला, पुढचे दोन त्याच कंपनीचे, त्याच मालिकेतले घेतले. आवाजाची जात सारखी असावी लागते. नाहीतर मोटार डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच बदलल्यासारखी वाटते. बाजूचे दोन त्याच मालिकेतले सर्वांत लहान घेतले. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, सराउंड मोठे घ्या, मजा येईल.” मजा कोणाला, हा प्रश्न आम्ही त्याला विचारला नाही.

बाजूच्या स्पीकरमध्येही जाती असतात. साधा असतो त्याचं तोंड एका दिशेला. ‘बायपोल’ला दोन तोंडं असतात आणि दोन्ही एकदम आवाज ढकलतात. ‘डायपोल’लाही दोन, पण एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, त्यामुळे बरोबर मधे बसणाऱ्याला आवाज कुठून येतोय ते कळत नाही, भोवती पसरल्यासारखा वाटतो. आपल्या क्वार्टरच्या बारा बाय चौदाच्या खोलीत, जिथे सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याच्या कानाला भिंत लागते, तिथे बायपोल सोयीचे. आम्हाला ते परवडले नाहीत. साधेच घेतले आणि टांगण्यात अक्कल वापरली.

टांगायचं कसं, ते पंचांसमोर हिशेब मांडावा तसं सांगतो. घड्याळ जमिनीवर ठेवलंय, टीव्ही बाराच्या जागी आणि तुम्ही मधोमध, असं समजा. पुढचे दोन अकरा आणि एकला. बाजूचे दोन तीन-चारच्या मध्ये आणि आठ-नऊच्या मध्ये. म्हणजे अगदी पाठीमागे नाही, खांद्याच्या जरा मागे. उंची बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा दोन ते तीन फूट वर. आता अडचण अशी की आपल्या प्रत्येकाच्या घरी सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला. खांद्याच्या मागे जागाच नाही. आम्ही सोफा दोन फूट पुढे ओढला. घरात यावरून आठवडाभर अबोला होता, कुणामुळे ते सांगत नाही. पण पुढे ओढल्यावर स्पीकरला जागा झाली, आणि मागच्या भिंतीवर आपटून येणारा घुमाराही कमी झाला.

तोंड आम्ही थेट कानाकडे केलं नाही, दोन्ही समोरासमोर, डोक्यांच्या वरून जातील असे ठेवले. मग अँप्लिफायरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपनं मोजून भरलं. ध्वनी एका सेकंदाच्या हजाराव्या भागात साधारण एक फूट जातो. त्या हिशेबानं यंत्र जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून धरतं. अंतर मोजलं ते सोफ्याच्या मधल्या जागेपासून नाही, बाबांच्या खुर्चीपासून. आमच्या घरचं सगळं चक्र त्या खुर्चीभोवती लावलंय. आम्ही टोकाला बसतो आणि आम्हाला डावा स्पीकर जरा जास्त ऐकू येतो, तो येऊ द्या.

मग मधल्याची पातळी चार डेसिबलनं वाढवली, बाजूच्यांची तीननं उतरवली. पुस्तकात सगळे सारखे ठेवा असं लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याचे बाबा ड्रिलवर नसावेत. सब-वूफरही उतरवला, कारण आपली भिंत सामाईक आहे आणि खालचे आवाज विटांना जुमानत नाहीत. पहिल्या संचाच्या वेळी शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून विचारलं होतं, “काल खाली ब्लास्टिंग जास्तच जोरात होतं का हो?”

तारांचं एक सांगून ठेवतो. फार महाग तार घेऊ नका. घरातल्या अंतराला सोळा गेजची तांब्याची तार पुरते. फक्त लाल-काळं उलटं जोडू नका. उलटं झालं की दोन स्पीकर एकमेकांचा घुमारा खातात आणि माणूस महिनाभर कंपनीला शिव्या देत बसतो. आम्ही बसलो होतो.

नव्या मांडणीवर पहिला सिनेमा लावला तो मुलीच्या हट्टानं, ‘कट्यार काळजात घुसली’, २०१५ सालचा. मूळ नाटक १९६७ सालचं, आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, अभिषेकी बुवांचं संगीत, वसंतराव देशपांडे खाँसाहेब. बाबांना नाटकाची गाणी तोंडपाठ, म्हणून सिनेमाला नाक मुरडत बसले. दरबारातल्या गाण्याच्या वेळी बाजूच्या स्पीकरमधून सभेची दाद आली, हलकी, आणि गाणं समोरच राहिलं. बाबांनी मान वळवून मागे पाहिलं नाही. आम्ही दोघं पडद्याकडे कमी आणि त्यांच्या मानेकडे जास्त पाहत होतो.

सगळं जमलं असं सांगणार नाही. नव्या सिनेमांत कुजबुज करून बोलतात ती अजूनही त्यांना लागत नाही. तिथे खाली अक्षरं लावतो. कानाचं यंत्र ते घालतात, काढतात, पुन्हा घालतात. आणि त्यांच्या आवडीचा ‘सांगत्ये ऐका’ लावला की आमचे हे बाजूचे दोन्ही स्पीकर गप्प. १९५९ सालचा सिनेमा, एकाच मार्गावरचा आवाज, सगळा मधूनच येतो. यंत्र त्यातूनही भोवतीचा आवाज काढायला बघतं, ते बटण बंद ठेवायचं.

त्या दिवशीही तोच लावला होता. मुलीनं एका ठिकाणी विचारलं, “आजोबा, ती काय म्हणाली?” बाबांनी सांगितलं. मग म्हणाले, “थांब, पुढचं ऐकू दे.”

कोणाला घरी येऊन ऐकायचं असेल तर रविवारी दुपारी या. तीननंतर या, त्याआधी ते झोपलेले असतात.