तळ्याची वाट आणि परतीची वेळ



ऑगस्टअखेरच्या शनिवारी आम्ही कोलोरॅडोच्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कात एमराल्ड लेकला चालत जाणार आहोत. वाटेत निम्फ लेक, ड्रीम लेक. जाऊन-येऊन सुमारे ३.२ मैल. "एवढ्याशा चालण्याला तयारी कसली?" असं आम्हाला नेहमी विचारतात.

पण ही वाट सुरूच होते बेअर लेकपाशी, ९,४७५ फुटांवर. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं! इथे हवा विरळ, त्यामुळे धाप लागते, डोकं दुखतं. उन्हाळ्यात दुपारी आभाळ भरून येतं, विजा कडाडतात. म्हणून आम्ही पहाटे निघू, सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवू आणि दुपार व्हायच्या आत खाली उतरू, मग तळं गाठलेलं असो वा नसो.

इतकं सांभाळूनही डोंगरात कुणाचा पाय मुरगळतो, कुणी वाट चुकतं. पार्कात रेंजर आहेत. त्यांच्या मदतीला आणि इतर डोंगरांवर धावणारे बचाव पथकांतले लोक मात्र बहुतेक स्वयंसेवक. बोल्डरचं पथक तर १९४७ पासूनचं. आपापली नोकरी सांभाळून मध्यरात्रीही ही मंडळी स्ट्रेचर घेऊन निघतात आणि सुटकेचं बिल पाठवत नाहीत. दोर, रेडिओ, गाड्या यांना देणग्यांचाही आधार असतो.

यंदाचा निधी त्यांच्यासाठी आहे. आमच्या प्रत्येक मैलामागे जमेल ती रक्कम लिहा. येणाऱ्यांनी पाणी आणि रेनकोट आणावा. न येणाऱ्यांनी नुसतं चेकबुक उघडलं तरी चालेल!