पुडी कोण आणतं?

तंबाखू विकत घ्यायचं वय १८ वरून २१ करावं का? केंद्राच्या २०२० च्या मसुद्यात तसं सुचवलं होतं. शेजारच्या कर्नाटकानं तर कायदाच केलाय.

जुन्नर-आंबेगावातल्या कॉलेजच्या पोरांशी बोललं की एक मुद्दा हमखास येतो: "मतदान १८ ला, मग सिगारेट का नाही?" पण आपल्या राज्यात दारूसाठी २५ लागतातच की! दुसरा मुद्दा जास्त बोचतो: "दादा, टपरीवर वय विचारतंय कोण?"

२००३ च्या कायद्यानं १८ खालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तर कोणालाच विकता येत नाही. दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच.

आणि आपण घरात काय करतो? आजीची मिश्री, बाबांची पुडी आणायला पाचवीतल्या पोराला धाडतो. "घरच्यांसाठी" म्हटलं की दुकानदार देतो. कायद्यात अशी सूट नाही. वयाचा नियम नावापुरता असतो, हे पोरगं तिथंच शिकतं.

२१ जरूर करा. पण आधी पुडी आणायला स्वतः उठा. भेटू पुढच्या भागात!